पेटीखालची तीस मिनिटं

या, जवळ या. अजून थोडं पुढे सरका. मागे ऐसपैस बसायला मिळतं हे खरं, पण मागच्या माणसापर्यंत नुसते शब्द पोचतात, आणि ही गोष्ट नुसत्या शब्दांची नाही. गोष्ट दोन देशांची आहे. दचकू नका, लढाई नाही. दोन शेजारी देशांनी एकदा ठरवलं की आपापल्या शेतांतून हवेत मिथेन किती जातो तो मोजायचा, आणि दोघांचे आकडे शेजारी शेजारी मांडून बघायचे. त्या मोजणीत एका बापाचं आयुष्यभराचं काम पणाला लागलं. ते टिकावं म्हणून त्याची लेक कशी धडपडली आणि टिकलं तेव्हा तिच्या हाती काय उरलं, ते सांगतो.

आधी तो वायू समजून घ्या, म्हणजे पुढे अडायला नको. भाताच्या शेतात पाणी उभं असतं. पाण्याखालच्या चिखलाला हवा मिळत नाही. तिथे जुनी मुळं, काड्या कुजतात आणि मिथेन तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रोपांच्या पोकळ दांड्यांतून तो गुपचूप वर येतो, कधी बुडबुडा होऊन फुटतो, आणि आभाळात जाऊन जमिनीची ऊब अडवून धरतो. दिसत नाही, हाताला लागत नाही. मग मोजायचा कसा?

तर असा. चिखलात एक चौकट कायमची रोवलेली असते. तिच्यावर बादलीएवढी पेटी उलटी ठेवायची. आतला वायू आत साठत जातो. ठेवल्याबरोबर एकदा, मग दहा मिनिटांनी, वीस मिनिटांनी आणि तीस मिनिटांनी, असं चार वेळा पेटीच्या रबरी बुचातून सुई घालून थोडी हवा ओढायची आणि काचेच्या चिमुकल्या बाटलीत भरायची. बाटल्या प्रयोगशाळेत जातात. दर दहा मिनिटांनी वायू किती वाढला ते यंत्र सांगतं, त्यावरून शेताचा हिशेब निघतो. साधं काम आहे. फक्त दोन पथ्यं. एक, चिखलात पाय पडता कामा नये. पाय पडला की दडलेले बुडबुडे सुटतात आणि आकडा खोटा होतो. म्हणून पेटीपर्यंत लाकडी फळी टाकलेली असते. दुसरं पथ्य, वेळ चुकता कामा नये.

हे काम एका संशोधन केंद्राच्या शेतात एक माणूस तीस वर्षं करत होता. नमुने गोळा करायचा म्हणून सगळे त्याला नमुनेकाका म्हणायचे. नवीन आलेला कुणी तरी हमखास विचारायचा, "काका, तुम्ही नमुने आणता की तुम्हीच नमुना?" आणि तो हमखास उत्तर द्यायचा, "मी देवाने काढलेला नमुना. अजून बाटलीत भरायचा राहिलाय."

काका फळीवर बसून गायचा. लहानपणी एका कथेकरीबुवांच्या तोंडून त्याने एक पद ऐकलं होतं, आठ कडव्यांचं. बुवा ते गाऊन सांगत, सांगता सांगता रडत, आणि रडता रडता पुन्हा गात. बुवा गेले, पद याच्याकडे राहिलं. पेटी ठेवली, पहिली सुई घातली की तो पद सुरू करायचा. पूर्ण पद ध्रुवपदासकट म्हटलं की बरोब्बर दहा मिनिटं होत. मग दुसरी सुई, मग पुन्हा पद.

घड्याळ नव्हतं असं नाही. पण कोपरापर्यंत रबरी हातमोजे, ते चिखलाने माखलेले, एका हातात सुई, दुसऱ्यात बाटली. दोन घड्याळं पाण्यात गेली तेव्हा केंद्राच्या जुन्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं.

"वेळ कशावर मोजतोस रे?"

"पदावर, साहेब."

"पदावर म्हणजे?"

त्याने सांगितलं. साहेब पोट धरून हसले. मग खुर्ची ओढून बसले, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "म्हण." त्याने पाच वेळा पद म्हटलं. पाच वेळांत सगळ्यात मोठा फरक निघाला सहा सेकंदांचा.

"घड्याळ बिघडलं तर दुरुस्त करता येतं," साहेब म्हणाले. "तुझं नरडं बिघडलं तर?"

"नरडं वरच्याने दिलंय साहेब. त्याची हमी मोठी असते."

साहेबांनी मान डोलावली आणि विषय संपला. नोंदवहीत वेळेचे चार रकाने छापलेलेच होते, शून्य, दहा, वीस, तीस. त्यापुढे काका फक्त बरोबरची खूण करायचा. पुढे ते साहेब निवृत्त झाले, दुसरे आले, तिसरे आले. काकाचं पद घड्याळासारखं चालतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. इतकं ठाऊक की पुन्हा तपासून बघावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

काकाला एकच लेक. घरात तिला ठकू म्हणायचे. शाळेला सुट्टी असली की ती बांधावर बसून बापाचं गाणं ऐकायची, आणि सुई घालायची वेळ झाली की बापाच्या आधी ओरडायची, "झालं!" पुढे ती याच विषयात शिकली. नदीपलीकडच्या देशात तिला नोकरी लागली. आणि दोन देशांची ही तुलना ठरली तेव्हा आकडे एकत्र मांडायचं टेबल नेमकं तिच्या वाट्याला आलं. नदीच्या अलीकडे एक शेत, पलीकडे एक शेत. बियाणं एक, माती सारखी, पाणी सारखं. अलीकडच्या बाटल्या बाप भरणार, दोन्हीकडचे आकडे लेक मांडणार.

काकाच्या आनंदाला पारावार राहिला नाही. बायकोला म्हणाला, "बघ, मी इथे सुई घालतो आणि तिकडे पोरीच्या पाटीवर आकडा उमटतो."

"तुम्ही दोघं मिळून चिखलच मोजा," ती म्हणाली. "घरातली भाजी संपली ते कोण मोजणार?"

पहिली तीन वर्षं आलेखावर दोन्ही देशांच्या रेघा जुळ्या बहिणींसारख्या हातात हात घालून चालल्या. चौथ्या वर्षी अलीकडची रेघ किंचित वर सरकली. पाचव्या वर्षी आणखी. सहाव्या वर्षी तिने हात सोडलाच. अलीकडच्या शेतातून मिथेन जास्त निघतोय असं दिसायला लागलं.

पलीकडच्या केंद्राची प्रमुख एक हुशार, तिखट बाई होती. तिने रेघेवर पेन्सिल टेकवून विचारलं, "तुमच्याकडचा चिखल भलताच बोलका झालाय. काय खाऊ घालता त्याला?"

सगळे हसले. ठकू हसली नाही. तिने मातीचे अहवाल मागवले, खतांच्या नोंदी चाळल्या, उन्हाचे आकडे लावून बघितले. कशानेच उलगडा होईना. मग तिच्या मनात फळी आली. बाबा थकलेत, फळीवरून उतरून चिखलात पाय टाकत असतील.

रविवारी सकाळी तिचा घरी फोन असायचा. त्या रविवारी तिने ख्यालीखुशाली विचारली नाही.

"बाबा, खरं सांगा. फळीवरून खाली उतरता का?"

"तुझी शपथ, नाही."

"मग पेटी ठेवताना आदळता का? दमल्यावर होतं असं."

"अगं, बाळाला पाळण्यात ठेवतात ना, तशी ठेवतो."

"मग आकडे का चढतात? इकडे सगळे मला विचारतात."

फोनमधून खरखर ऐकू येत होती. "धरणीच्या पोटात काही दुखत असेल, पोरी. देवाला ठाऊक."

"बाबा, आकड्यांत देवाला आणू नका. मोजायचं काम आहे, नीट मोजा."

"बरं," तो म्हणाला. "आणखी नीट मोजतो."

"आणि तुमचा फोन बदला. नुसती खरखर येते. बोललेलं धड ऐकू येत नाही."

आईने दुसऱ्याच आठवड्यात नवा फोन आणला. खरखर गेली नाही. मग सगळ्यांनी मिळून दोष नदीकाठच्या फोनच्या मनोऱ्याला दिला.

सातव्या वर्षी अलीकडची रेघ पलीकडच्या रेघेपेक्षा एक तृतीयांशाने वर गेली. अहवाल छापायची वेळ आली होती. बाईने बैठक घेतली. "एकाच मातीत एवढा फरक मला पटत नाही," ती म्हणाली. "मोजणीत खोट आहे. कारण सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर अलीकडची सगळी सात वर्षं काढून टाकायची. अंदाजाचे आकडे मी छापणार नाही."

अलीकडच्या केंद्राचे नवे साहेबही चटकन कबूल झाले. "टाकून द्या. जुनी माणसं आहेत, जुन्या सवयी. नवा माणूस नेमू."

सात वर्षं. आठवड्यातून दोनदा, उन्हात, वाऱ्यात, कमरेत वाकून भरलेल्या हजारो बाटल्या. ठकूने एवढंच विचारलं, "मी जाऊन बघू का एकदा?"

"जा," बाई म्हणाली. "पण लेक म्हणून जाऊ नकोस. तपासनीस म्हणून जा."

घराच्या दारातच आईने तिला अडवलं. "तपासायला आलीस म्हणे. तपासनीस असशील तर चहा व्हरांड्यात. लेक असशील तर आत ये."

"आत्ता लेक आहे. उद्या सकाळी नऊनंतर तपासनीस."

बापाने खास इस्त्रीचा सदरा घातला होता. पण बाप स्वतः वाळला होता. सदरा खांद्यावर हँगरला लावल्यासारखा लोंबत होता. ठकूने विचारलं तर आई म्हणाली, "जरा खोकला आहे मधूनमधून. औषध घेतात. तू पलीकडे बसून काळजी नको करूस म्हणून सांगितलं नाही." बापाने लगेच विषय बदलला आणि फळ्या नव्या टाकल्यात, उद्या बघशीलच, असं तीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शेतावर गेली. बांध अर्धा पार झाल्यावर काका थांबला. लेकीला एक पक्षी दाखवला. पुढे गेल्यावर पुन्हा थांबला आणि पाण्याची पातळी दाखवली. चौथ्यांदा थांबला तेव्हा दाखवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्याने नुसतंच आभाळाकडे बघितलं. बाप आपल्याला सगळं समजावून सांगतोय, असं ठकूला वाटलं.

फळीवर तो अलगद गेला. पाय एकदाही घसरला नाही. पेटी खरोखर पाळण्यात बाळ ठेवावं तशी ठेवली. पाण्यावर एक तरंग उठला नाही. शेजारच्या फळीवर लेक हातात घड्याळ घेऊन बसली. त्याने पहिली सुई घातली, बाटली भरली, डोळे मिटले आणि पद सुरू केलं.

आवाज तोच. पण पहिलं कडवं संपलं आणि तो थांबला. छातीतून एक बारीक शिट्टी वाजली. त्याने श्वास घेतला, अर्धा गेला, पुन्हा घेतला. मग ध्रुवपद. मग पुन्हा थांबला. त्याचा हात फळीची कड घट्ट धरून होता आणि ओठ निळसर दिसत होते. चेहऱ्यावर मात्र काही त्रास नव्हता. त्याच्या मनात पद अखंड चाललं होतं. मधला श्वास पदाचा भाग नाही, तो कशाला मोजायचा?

घड्याळात दहा मिनिटं झाली तेव्हा तो सहाव्या कडव्यात होता. ठकूच्या ओठांवर लहानपणीचं "झालं" आलं आणि तिथेच राहिलं. अकरा झाली. बारा. तेरा मिनिटं उलटल्यावर त्याने दुसरी सुई घातली, आणि नोंदवहीत दहाच्या रकान्यापुढे नेटकी खूण केली.

तिला सगळं कळलं. तेरा मिनिटांचा वायू दहा मिनिटांत आला असं वहीने सांगितलं की आकडा वाढणारच. चिखल बोलका झाला नव्हता. बाप दमला होता. फोनही ठीक होता आणि मनोराही.

तिसरी सुई. चौथी सुई. त्याने पेटी उचलली, फळीवरून मागे आला आणि बांधावर टेकला. बोलण्याआधी बराच वेळ गेला.

"काय तपासनीसबाई? पास का नापास?"

"किती वेळ झाला, बाबा?"

"तीस मिनिटं. का गं?"

तिच्या घड्याळात एक्केचाळीस झाली होती.

"बरोबर," ती म्हणाली. "पाय कुठेही पडला नाही. पेटी सुंदर ठेवलीत."

"मग आकडे का चढतात?"

"बघते. सापडेल."

त्याच दुपारी ती केंद्रात बसली. सांगायचं कसं? वेळ चुकली असं लिहून दिलं तर बाई म्हणणार, किती चुकली, कधीपासून चुकली, रोज किती? एका दिवसाच्या घड्याळावर सात वर्षं दुरुस्त होत नाहीत. काढून टाका म्हणायला ते आणखी एक कारण. तिने डोकं धरलं. आणि तेव्हा तिला पेटीतली डबी आठवली.

प्रत्येक पेटीच्या आत बटणाएवढी एक डबी चिकटवलेली असते. ती दर मिनिटाला आतलं तापमान नोंदते. पेटी चौकटीवर ठेवली की आत उकडायला लागतं, उचलली की झटकन निवतं. दर महिन्याला त्या नोंदी पलीकडे पाठवल्या जात. त्यातला सरासरी आकडा तेवढा गणिताला लागे आणि तो संगणक आपोआप उचलून घेई. पूर्ण नोंद उघडून बघायचं काम कुणाचं नव्हतं. त्या नोंदी कुणाकडे येत होत्या? ठकूकडे. सात वर्षं, दर महिन्याला, तिच्याच टेबलावर.

तिने केंद्राच्या संगणकावर पहिली नोंद उघडली. पेटी ठेवली, उकाडा चढला, पेटी उचलली, उकाडा उतरला. मधली मिनिटं मोजली. तीस. पुढची, तीस. पहिली तीन वर्षं तीसच, क्वचित एकतीस. चौथ्या वर्षी बत्तीस. पाचव्या वर्षी चौतीस. मग छत्तीस. एकोणचाळीस. गेल्या महिन्यात एक्केचाळीस.

सात वर्षांचे आकडे खरे करायला लागणारं सगळं तिथे होतं. प्रत्येक दिवसाची खरी वेळ घालायची आणि पुन्हा गणित करायचं. तिने तिथेच करून बघितलं. अलीकडची रेघ हळूहळू खाली आली आणि पलीकडच्या रेघेला जाऊन चिकटली. फरक उरला तो केसाएवढा. बापाची एकही बाटली वाया जाणार नव्हती.

आणि तिच्या डोळ्यांसमोर दुसरीही एक रेघ उभी होती. तीस, बत्तीस, चौतीस, छत्तीस. ती चिखलाची नव्हती. तिचा बाप तीन-चार वर्षं महिन्यामहिन्याने गुदमरत चालला होता. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, त्याला स्वतःला धड कळलं नव्हतं. पण मिनिटामिनिटाची नोंद न चुकता तिला पोचत होती. बाकी सगळ्यांना न कळणं माफ होतं. तिच्याकडे कागद होता.

तिने तसंच उठून आईला सोबत घेतलं आणि बापाला डॉक्टरकडे नेलं. तो कुरकुरला, "परवा नमुन्याचा दिवस आहे," म्हणाला, पण गेला. डॉक्टरने फोटो काढले, फुंकायला लावलं, आणि त्याला बाहेर बसवून मायलेकींना आत घेतलं.

"फुप्फुसं ताठ झालीत," तो म्हणाला. "स्पंज असतो ना, तो वाळून दगड व्हावा तशी. हे एका दिवसात होत नाही. तीन वर्षांपूर्वी आणलं असतं तर आपण ते पुष्कळ लांबवलं असतं."

"तीन वर्षांपूर्वी कसं कळणार होतं हो?" आई म्हणाली. "तेव्हा तर साधा खोकलाही नव्हता."

डॉक्टर म्हणाला, "खरंय. सुरुवातीला कुणालाच कळत नाही."

ठकू टेबलावरच्या पेनाकडे बघत राहिली.

त्याला दाखल करून घेतलं. खिडकीजवळची खाट, नाकाला नळी, उशाशी बुडबुडणारं पाणी. तिसऱ्या दिवशी बाईचा फोन आला. ठकूने व्हरांड्यात उभं राहून तो घेतला. दुरुस्त केलेले आकडे बाईला पोचले होते.

"गणित चोख आहे," बाई म्हणाली. "सातही वर्षं ठेवते. फक्त कारणाच्या जागी एक वाक्य लागेल. वेळ का लांबत गेली?"

"लिहा, नमुने घेणाऱ्या कर्मचाऱ्याला श्वासाचा आजार होता. तो वेळेवर ओळखला गेला नाही."

"कुणी ओळखायचा होता?"

ठकूने दारातून आतल्या खाटेकडे बघितलं. मग बाई तिच्या नेहमीच्या तिखट आवाजात नाही, वेगळ्याच आवाजात म्हणाली, "तेवढंच वाक्य पुरे. तू तुझ्या वडलांजवळ बस."

ती आत आली. बाप जागा होता. नळीमुळे त्याला तुटक बोलावं लागत होतं.

"बाटल्या राहिल्या का गं?"

"राहिल्या, बाबा. सगळ्या. सातही वर्षांच्या."

त्याने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलं. आईने ते पदराने टिपलं आणि म्हणाली, "बघा, चिखलासाठी रडतात. माझ्यासाठी कधी रडले नाहीत."

तो हसला. हसता हसता दम लागला. दम खाली बसल्यावर त्याने विचारलं, "मग चूक... कुणाची होती?"

आता काय सांगायचं? त्याला सांगायचं का, की बाबा, तुमचं पद लांबलं? ज्या पदात सहा सेकंदांहून जास्त फरक पडला नव्हता, जे त्याने देवाच्या पायाशी वाहिल्यासारखं त्या फळीवर तीस वर्षं म्हटलं, तेच चुकत होतं? तो आयुष्यात एकाच गोष्टीची फुशारकी मारत आला होता. तिची जीभ रेटेना.

"माझी," ती म्हणाली. "चूक माझी होती, बाबा. सगळे कागद माझ्याकडे होते. मी नीट बघितले नाहीत."

बापाने मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्याला वाटलं, पोरीची बेरीज चुकली. त्याने सुया टोचलेला हात उचलला, तो वर जाईना, म्हणून तिनेच डोकं खाली नेलं. त्याने तिच्या केसांवरून बोटं फिरवली.

"होतं गं," तो म्हणाला. "एवढ्या मोठ्या तक्त्यात... एखादी चूक व्हायचीच. मनाला लावून घेऊ नकोस. आता केलीस ना नीट?"

"केली."

"मग झालं. मी काय... रागावणार आहे का?"

ती त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडली. तो तिला थोपटत राहिला, आणि बायकोकडे बघून नजरेने म्हणाला, बघ, हुशार पोरी अशाच, जरा आकडा चुकला की जिवाला लावून घेतात.

अकराव्या दिवशी तो गेला. तोवर शेतावर दुसरा माणूस जात होता, पण त्या दिवशीचे नमुने कुणी घेतले नाहीत. अलीकडच्या शेताच्या तक्त्यात तेवढी एक ओळ रिकामी आहे.

अहवाल छापून झाला. एका मोठ्या दालनात दोन्ही देशांची माणसं जमली. पडद्यावर दोन रेघा लागल्या, जवळ जवळ एकच दिसाव्यात अशा, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपलं शेत शेजाऱ्याच्या शेतापेक्षा वाईट नाही, याचा दोन्हीकडे आनंद झाला. बाईने ठकूला व्यासपीठावर बोलावलं. ती गेली, नमस्कार केला आणि खाली येऊन बसली.

ती अजून त्याच टेबलावर आहे. दर रविवारी सकाळी आईला फोन करते आणि पहिल्यांदा तिला मोठ्याने श्वास घ्यायला लावते. आई वैतागते, "अगं, मी धडधाकट आहे, बाई." मग फोन ठेवला की ती जुन्या नोंदी उघडते. एका बाजूला पेटीखालची मिनिटं, दुसऱ्या बाजूला आपल्या फोनच्या तारखा. बत्तीस मिनिटं झाली त्या महिन्यात बापाशी चारदा बोलली. छत्तीस झाली त्या महिन्यात तीनदा. कुठल्या रविवारी कळायला हवं होतं ते ती शोधत असते. कुणी तिला समजावलं की, बाई, बापाने तुला माफ केलं, तर ती म्हणते, "कशासाठी माफ करतोय ते त्यांना माहीतच नव्हतं."

तर मंडळी, त्या बापाची काळजी करू नका. फळीवर बसून ज्याचं नाव घेत होता त्याच्या पायाशी तो पोचला असणार, आणि तिथे श्वास पुरतो की नाही हा प्रश्न नाही. तुम्ही आठवण ठेवा ती लेकीची. आपल्या माणसाचा कागद समोर असून ज्यांनी तो उघडला नाही, असे आपल्यातही पुष्कळ आहेत. पण तिला ते रोज दिसतं. उद्या देवापुढे हात जोडाल, आपल्या घरादाराचं मागून झालं की लगेच उठू नका. क्षणभर बसा, आणि तिच्या जिवाला थोडा विसावा मिळू दे, एवढं मागा.